पंतप्रधानांना पत्र लिहावे का?

दिल्लीला पत्र धाडून काही उपयोग होतो का? होतो, पण पत्राची वाट ध्यानात घ्या. पंतप्रधान कार्यालय ते संबंधित खात्याकडे किंवा राज्य सरकारकडे पाठवते. सातबाऱ्याच्या फेरफाराची तक्रार असली, तर ती फिरून बहुधा आपल्या तहसीललाच येते. म्हणून आधी तहसील कचेरीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही, तर दिल्लीला जरूर लिहा. पत्रात एकच तक्रार, गट नंबर आणि तारखा घाला. पोचेची नक्कल जोडा, अस्सल कागद घरीच ठेवा.

मात्र महाराष्ट्रात फेरफाराच्या निकालावर प्रांतांकडे ६० दिवसांत अपील करावे लागते. दिल्लीच्या उत्तराची वाट बघत ती मुदत घालवू नका. वापसा गेल्यावर पेरून काय उपयोग?