मदतीचा हात आणि स्वतःचे पाय

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली की तिच्या दात्यांचे कृतज्ञतेने स्मरण केले जाते, आणि ते उचितच आहे. परंतु दात्याची खरी परीक्षा देताना होत नाही. कोणत्या कामी हात आखडता घ्यावा, हे ठरविताना होते. या परीक्षेचे एक बोलके उदाहरण कोरियाच्या इतिहासात सापडते. ते ख्रिस्ती मिशनांचे असले, तरी त्यातला प्रश्न कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन या दोघांनी एकच विचार मांडला. मिशनने परदेशात कायमचे ठाण मांडू नये. तेथील मंडळी स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःचा प्रसार स्वतः करू लागली की मिशनचे काम संपले. हे अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले होते आणि त्यांनी अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचे काम प्रत्यक्ष पाहिले होते. म्हणजे हा विचार मराठी मुलखाला परका नाही.

विचार मात्र कागदावर राही आणि व्यवहार निराळाच चाले. नवख्रिस्ती मंडळींतला हुशार तरुण हेरायचा, त्याला मिशनचा पगार द्यायचा आणि प्रचारक म्हणून फिरवायचे, अशी पद्धत होती. इमारतही परदेशी पैशानेच उठे. परिणामी गावकरी त्या तरुणाकडे साहेबाचा नोकर म्हणून पाहत, आणि त्याच्या शब्दाचे वजन पगाराच्या मापाने घटे.

चीनच्या शांटुंग प्रांतात काम करणारे अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हियस यांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. १८८५ मध्ये लेखमालेतून त्यांनी आपले मत मांडले आणि पुढल्याच वर्षी ते पुस्तकरूपाने आले. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्याने नवा धर्म स्वीकारला, त्याने आपली शेती, आपले दुकान सोडू नये; पोट आपल्या धंद्यावर भरावे आणि शेजाऱ्यांत राहून धर्म सांगावा. मंडळीला पेलेल तेवढाच पसारा मांडावा. पगारी माणूस हवाच असेल, तर त्याचा पगार मंडळीने द्यावा. प्रार्थनामंदिर तिने स्वतःच्या ऐपतीने, आपल्या देशाच्या रीतीने बांधावे. नेव्हियस यांच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना हे रुचले नाही. जुनी घडी बसलेल्या ठिकाणी पगार बंद करणे अवघडच होते.

कोरियात मात्र पाटी कोरी होती. तेथे प्रॉटेस्टंट मिशनचे काम १८८४-८५ मध्ये नुकतेच सुरू झाले होते. तेथील तरुण मिशनऱ्यांनी १८९० मध्ये नेव्हियस यांना सोल शहरी बोलावले. ते दोन आठवडे राहिले, आणि प्रेसबिटेरियन मिशनने त्यांची पद्धत धोरण म्हणून स्वीकारली. सोरे या गावी १८९५ मध्ये जे प्रार्थनामंदिर उभे राहिले, ते कोरियन लोकांच्याच पैशाने आणि श्रमाने.

ही मंडळी श्रीमंत नव्हती. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, त्यांनी दिवस दिले. 'अमुक इतके दिवस आपण प्रचाराला देऊ', असा संकल्प सोडायचा आणि शेतीच्या कामातून सवड काढून तो पुरा करायचा. घरोघरच्या स्त्रिया भात शिजत घालताना मूठभर तांदूळ बाजूला काढीत. त्याला 'सोंगमी', म्हणजे पवित्र तांदूळ, असे नाव होते. मुष्टिफंडावर शाळा व वाचनालये चालविणाऱ्या मराठी समाजाला या तांदळाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. मूठभर धान्य देणारी गृहिणी त्या संस्थेची आश्रित राहत नाही. ती तिची मालकीण होते.

दुसरे बळ अक्षरांचे होते. विद्वान मंडळी चिनी लिपीत रमलेली असताना मिशनऱ्यांनी सामान्यांची हांगुल लिपी हाती घेतली. धर्मग्रंथ आणि पुस्तिका तिच्यात छापल्या आणि त्या शक्यतो फुकट न वाटता अल्प किमतीस विकल्या. पदरचे पैसे मोडून घेतलेले पुस्तक वाचले जाते, हा अनुभव ग्रंथालयाच्या सभासदांना नवा नाही. शेतीची कामे नसत तेव्हा गावोगावी शास्त्राभ्यासाचे वर्ग भरत, आणि तेथे येणारे लोक आपला शिधा आपण आणीत.

१९०७ मध्ये पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा मिळाली आणि स्वतंत्र प्रेसबिटरी स्थापन झाली. त्या सातांपैकी यी की-पुंग यांना मंडळीने प्रचारासाठी जेजू बेटावर पाठविले. १९१२ मध्ये सर्वसाधारण सभा अस्तित्वात आली, आणि तिने आपले मिशनरी परदेशी पाठविण्याचे ठरविले. कोठे? चीनमधील त्याच शांटुंग प्रांतात! जेथून विचार आला, तेथेच तो माणसांच्या रूपाने परत गेला.

या कथेला दुसरी बाजूही आहे. रुग्णालये आणि महाविद्यालये यांसाठी परदेशी पैसा येतच राहिला, आणि त्यांची सूत्रे दीर्घकाळ परदेशी हातांत राहिली. कोरियन पाळकांचे शिक्षण लोकांच्या पातळीच्या फार पुढे जाऊ नये, असे धोरण मिशनऱ्यांनी आखले. त्याची खंत पुढच्या पिढीने बोलून दाखविली. खर्चाचा भार लवकर सोपवायचा आणि ज्ञानाचे दार मात्र अर्धेच उघडायचे, याला संपूर्ण स्वावलंबन म्हणता येत नाही. तरीही १९१० मध्ये जपानने देश गिळंकृत केल्यावर, सभा भरविण्याची आणि कारभार चालविण्याची सवय याच मंडळ्यांत टिकली. १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या तेहतीस जणांत सोळा ख्रिस्ती होते.

मराठी वाचकाला येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होईल. त्यांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. कोरियात देणाऱ्याने आरंभीच हात आवरला. येथे घेणाऱ्याला आयुष्याच्या उतारावर तो सोडवून घ्यावा लागला, आणि १९१९ मध्ये टिळक निवर्तले. आरंभी केलेला निर्णय आणि उशिरा करावा लागलेला निर्णय यांतले अंतर एवढे मोठे असते.

अनुदान, देणगी, आश्रय ही संस्थेची शिडी आहे. शिडीवर कोणी घर करीत नाही. दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या ग्रंथालयाने आपल्या हिशेबाच्या वहीत मोठ्या देणगीच्या आकड्याआधी वर्गणीदारांचा आकडा पाहावा. मूठमूठ तांदूळ देणारी घरे जोवर वाढत आहेत, तोवर संस्थेला भय नाही.