परिचारिकेचे शिक्षण व रुग्णशय्येजवळील तास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात तळेगाव दाभाडे येथे केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुलींचा ओढा नर्सिंगच्या पदवीकडे वाढू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मुलीला रात्रपाळी नको, रुग्णालयातील तास कमी करून मिळावेत, अशा विनंत्या घेऊन पालक आमच्याकडे येतात. म्हणून या विषयावर चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एके काळी हे काम कुलीन स्त्रीचे नव्हे, अशी समजूत होती. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांनी तेथील स्त्रियांना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात धाडण्याचे धैर्य दाखविले. लोकनिंदा सोसून त्या रुग्णांच्या उशाशी उभ्या राहिल्या, म्हणून आपल्या मुलींना ही वाट मोकळी झाली.

आता नियम पाहू. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या, २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. व्याख्यानाच्या एका श्रेयांकास आठवड्याचा एक तास पुरतो. रुग्णसेवेच्या एका श्रेयांकास चार तास द्यावे लागतात. व्याख्यानांस ८० टक्के हजेरी चालते. प्रात्यक्षिकांची मात्र पदवीपूर्वी १०० टक्के भरावी लागते. युरोपीय संघातही किमान ४,६०० तासांच्या शिक्षणापैकी निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेत घालवावे लागतात.

इतके तास कशासाठी? चाकणच्या कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या मुलाचा हात यंत्रावर बसल्यावाचून आपण त्यास कारागीर मानीत नाही. मग येथे तर माणसाचा जीव आहे. पहाटे तीन वाजता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो, तळहात गार पडतात. आत रक्तस्राव होत असल्याची ही खूण पुस्तकात दोन ओळींत सापडते. पण अंधुक उजेडात ती वेळीच ओळखणे अनुभवी परिचारिकेजवळ उभे राहूनच साधते. रात्रपाळी टाळणारी मुलगी नेमका हाच धडा गमावते.

तथापि तास म्हणजे केवळ हजेरी नव्हे. मनुष्यबळाची उणीव भरण्यासाठी विद्यार्थिनींना राबविणे हे शिक्षण नव्हे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी विचारावे : रुग्णालयात खाटा किती, आणि त्यांवर रुग्ण किती? शिक्षिका वॉर्डात असतात काय? रात्री जाण्यायेण्याची सोय काय? आपल्या गावी १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाचे रुग्णालय आहे. भरलेला वॉर्ड कसा असतो, हे पाहण्यास दूर जाणे नको.

तास कमी मागू नका. सुरक्षित वाहन व वसतिगृह मागा. मंडळाच्या शिष्यवृत्तीतही या खर्चाचा विचार व्हावा, अशी आमची सूचना आहे. उद्या आपल्याच घरचे कोणी खाटेवर असेल, तेव्हा जवळ उभी असलेली परिचारिका पुरते तास शिकलेली असावी, असेच आपणांस वाटेल. मग आपली मुलगीही तशीच घडू द्यावी.