काफर म्हणजे कोण?
(गडहिंग्लज येथें शेतकरी बंधूंपुढें दिलेलें भाषण)



जून 2023 मध्यें कोल्हापुरांत दंगल झाली, दुकानें फुटलीं. तेव्हांपासून आपल्या कट्ट्याकट्ट्यांवर एक शब्द फार ऐकूं येतो : काफर. एक म्हणतो, "ते आम्हांस काफर समजतात." दुसरा खरोखरच तसें समजतो. अर्थ मात्र दोघांनाही कोणीं सांगितलेला नाहीं.

अरबींत क-फ-र या धातूचा मूळ अर्थ झांकणें. रात्र सर्व झांकते, म्हणून जुने अरब रात्रीलाही काफर म्हणत. आतां आपलाच धंदा पाहा. आपण कुरीनें पेरतों आणि मागून कुळव फिरवून बी मातीआड करतों. बी झांकणारा तो काफर ! ही माझी कोटी नव्हे. कुराणाच्या 57 व्या अध्यायांत, 20 व्या आयतींत, पावसानें आलेलें पीक पाहून 'कुफ्फार' आनंदतात असें आहे, आणि पुष्कळ भाषांतरकार तेथें 'शेतकरी' असाच अर्थ देतात. कांहीं टीकाकार तेथेंही 'न मानणारे' म्हणतात. या हिशेबानें हिरण्यकेशीकांठीं भुईमूग पेरणारा मुसलमान कुळवाडीही तुमच्याइतकाच काफर !

दुसरा अर्थ कृतघ्न, म्हणजे केलेले उपकार झांकणारा. तिसरा, सत्य कळूनही झांकणारा. पुढें धर्मशास्त्र्यांनीं हा शब्द सरसकट परधर्मीयांस लावला, हें लपवितां कामा नये. इतकेंच नव्हे, एका पंथाच्या मौलवीनें दुसऱ्या पंथाच्या मुसलमानास काफर ठरवावें, याला 'तकफीर' म्हणतात. आपल्याकडील वाळीत टाकण्याचाच हा भाऊ. अर्थ सांगण्याचा मक्ता ज्याच्या हातीं, वाळीतही त्याच्याच हातीं !

हा मक्ता मोडण्यासाठींच जोतीरावांनीं 1873 त सत्यशोधक समाज काढला. त्यांनींच महंमदावर काव्य केलें. शाहू महाराजांनीं 1906 त कोल्हापुरांत मुसलमान मुलांच्या शिक्षणाची सोय केली. हमीद दलवाईंनीं 22 मार्च 1970 रोजीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. त्यांना धर्मबुडवे म्हणणारे थोडे नव्हते.

आणि 2019 त इंडोनेशियांतील नहदलतुल उलमा या मौलवींच्या मोठ्या संस्थेनें ठरविलें, कीं बिगरमुसलमान देशबंधूंस काफर म्हणूं नये, नागरिक म्हणावें.

तरी मुसलमान बांधवांनो, येत्या शुक्रवारीं आपल्या मौलवीसाहेबांस ही आयत वाचून दाखवावयास सांगा. आणि मराठे, लिंगायत, सुतार, कुंभार बांधवांनो, 'काफर' म्हणून तुमचें रक्त तापविणारा वक्ता गांवांत आला, तर त्यालाही तीच आयत विचारा. त्यानें कुराण उघडून तरी पाहिलें आहे काय ?