तूलाँचे पाहुणे



ऑक्टोबर १८९३ मध्ये रशियन आरमाराची एक तुकडी फ्रान्समधील तूलाँ बंदरात आली. तिच्या अधिकाऱ्यांना पॅरिसमध्ये नेऊन मोठ्या थाटाने मिरवण्यात आले. शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या राजाचा शिरच्छेद करणारे ते नगर झारच्या चाकरांचा जयजयकार करीत होते! हे स्वागत खोटे मात्र नव्हते. १८७१ च्या पराभवानंतर एकाकी पडलेल्या राष्ट्राला सोबती हवा होता, आणि त्या भावनेची नुसती टवाळी करून भागणार नाही.

पण सोहळ्याचा जमाखर्च निराळ्याच वहीत मांडला जात होता. १८८८ पासून झारचे कर्जरोखे पॅरिसच्या बाजारात खपत होते. आता त्यांवर देशभक्तीचा शिक्का बसला. सामान्य फ्रेंच कुटुंबांची बचत त्यांत गेली. ज्या रशियासाठी हे कर्ज उभे राहिले, तेथे १८९१-९२ साली भीषण दुष्काळ पडला होता व टॉलस्टॉय अन्नछत्रे चालवीत होते. या उत्सवावर पुढे त्यांनीच जळजळीत निबंध लिहिला. पाहुणे खलाशी कोणत्या उपाशी गावांतून आले, हे विचारणे शिष्टाचारात बसत नसावे.

१८९४ च्या आरंभी लष्करी करार पक्का झाला. १९१४ मध्ये दोन्ही देशांचे शेतकरी-कामगार त्यापायी रणांगणावर गेले. १९१८ मध्ये बोल्शेविक सरकारने कर्जच नाकारले. अखेर १९९७ मध्ये चाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली, तेव्हा मूळ रोखेधारकांची नातवंडे म्हातारी झाली होती.