गारगोटीतला थेंब



जालना जिल्ह्यात विहीर खणताना
काळा पाषाण लागतो.
त्याच्या पोकळ्यांत कधी कधी
गारगोटीचे चमकदार स्फटिक सापडतात.

असा स्फटिक वाढताना
भोवतालचं पाणी त्यात अडकतं.
त्याचे थेंब बहुधा इतके बारीक,
की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत.
थेंबात अनेकदा एक बुडबुडा असतो,
गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा.

असे थेंब तांब्याच्या खाणीतल्या गारगोटीतही असतात.
जालन्याच्या पाषाणात तशी खाण नाही.
ती आहे गोंदियाच्या पलीकडे,
बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला.
तिथे सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटमध्ये
गारगोटीच्या शिरा आहेत.
त्यांत तांबं आहे,
आणि किंचित सोनंही.

हे धातू तिथे साचले कसे?
ते त्या थेंबांना विचारायचं.

गारगोटीची पातळ चकती घ्यायची.
सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवायची.
बुडबुडा आक्रसतो,
आणि एका क्षणी नाहीसा होतो.
पाणी अडकलं तेव्हा
निदान तेवढं तरी गरम होतं.

मग चकती गोठवायची.
आता बर्फ कधी वितळतो, ते पाहायचं.
पाणी जितकं खारट,
तितका बर्फ शून्याच्या अधिक खाली वितळतो.

म्हणजे थेंबातून दोन गोष्टी कळतात.
पाणी किती गरम होतं,
आणि किती खारट होतं.

गरम, खारट पाणी
तांबं आणि सोनं विरघळवून वाहून नेतं.
ते निवलं किंवा उकळलं,
की धातू भेगांत साचतात.

एका थेंबावर मात्र निकाल देत नाहीत.
अनेक थेंब तपासावे लागतात.
कारण नंतरच्या भेगांतूनही पाणी शिरतं.

लक्षात ठेवा, श्रोतेहो:
गारगोटीतला थेंब सांगतो
पाण्याची उष्णता आणि खारटपणा.
त्यावरून कळतं,
धातू कसा साचला.