‘बॉक्स गेला’ ऐकल्यावर पैसे काढण्याआधी

आज गाडीबद्दल बोलायचंय. गाडी म्हटलं की रेडिओ घरातल्या गड्यांकडे सरकवू नका, कारण यात पैसे आपल्या गटाचे अडकतात.

डोंगरभागातल्या बऱ्याच गटांनी भाजी, दूध, रोपं न्यायला जुन्या फोर-व्हील गाड्या घेतल्यात. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर दुसरी गाडी टिकत नाही. त्यातल्या काही ऑटोमॅटिक आहेत, म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. शहरातली माणसं गाडी जुनी झाली की ती काढून टाकतात, आणि नव्याने शिकलेल्या बाईला क्लच नसलेली गाडी सोपी वाटते. पुढे एक दिवस घाटात गाडी ओढेनाशी होते, आणि गॅरेजवाला बॉनेट न उघडताच सांगतो, “ताई, बॉक्स गेला.”

मी भावाच्या वर्कशॉपमध्ये काम करते. ‘बॉक्स गेला’ म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये बॉक्स खरंच गेलेल्या असतात, तशा भलत्याच कारणाने अडलेल्याही असतात. गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे गटाची वर्षाची बचत एका बिलात जाऊ शकते. म्हणून उघडण्याआधी काय बघायचं, ते सांगते.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असंच आहे, फक्त वाऱ्याच्या जागी तेल आहे. तेच तेल दाबाखाली जाऊन गिअर बदलतं, आणि आतला भाग थंडही तेच ठेवतं. म्हणून तेल कमी पडलं, जळलं किंवा त्यात पाणी गेलं, की सगळंच बिघडतं.

तर पहिलं काम तेल बघायचं. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. गाडी चालून गरम झालेली असावी. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, हँडल सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून ‘पी’मध्ये आणतात आणि मग पट्टी काढतात. काही कंपन्यांच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून बघतात, तेव्हा गाडीचं पुस्तक बघा. इंजिन ऑइलची पट्टी वेगळी आणि ही वेगळी. काही गाड्यांना ही पट्टीच नसते, मग खालचा बोल्ट काढून बघावं लागतं. ते काम गॅरेजातलं.

पट्टीवरचं तेल पांढऱ्या फडक्यावर टिपा. चांगलं तेल बहुतेक वेळा लालसर आणि पारदर्शक असतं. काळपट झालं असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर आतल्या प्लेटा घासल्यात. गुलाबी सरबतात दूध घातल्यासारखा रंग असेल, तर रेडिएटरमधलं पाणी तेलात मिसळलंय. तेव्हा गाडी तिथंच उभी करा, गावापर्यंतसुद्धा चालवू नका. आणि तेल नुसतंच कमी असेल तर ते कुठून तरी गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी डाग कुठं पडलाय त्यावरून अर्धं काम होतं.

एका गटाची गाडी आमच्याकडे टोचन करून आणली होती. तालुक्यातल्या एका गॅरेजात तिला नवा बॉक्स सांगितलेला. गाडी सपाटीला चालायची, चढाला इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. खाली वाकून बघितलं तर तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणारी नळी एका पत्र्यावर घासून झिजलेली. नळी बदलली, योग्य तेल भरलं, गाडी चढली. तेल करपलेलं नव्हतं, म्हणून ती वाचली. अजून महिनाभर तशीच रेटली असती तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं.

तेल भरताना कोणतं भरायचं ते पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच भरा. “सगळी सारखीच असतात” हे ऐकून घेऊ नका. आणि जास्तही भरू नका, आत फेस होतो आणि दाब पडतो.

आता तेल ठीक आहे आणि तरी गाडी जागची हलत नाही, असं झालं तर? फोर-व्हील गाडीत गिअरच्या मुख्य हँडलशेजारी दुसरा छोटा दांडा असतो, नव्या गाड्यांत बटण. त्यालाही ‘एन’ असतो. पोरं खेळता खेळता तो मधे आणून ठेवतात, मग कितीही रेस द्या, गाडी ढिम्म. आणि लक्षात ठेवा, छोटा दांडा ‘एन’मध्ये असेल तर मोठं हँडल ‘पी’मध्ये ठेवूनही गाडी उतारावर घरंगळू शकते. हँडब्रेक ओढल्याशिवाय आणि चाकाला दगड लावल्याशिवाय कुणी खाली शिरायचं नाही.

शेवटचा गिअर पडत नाही आणि इंजिन सारखं घोंगावतं, अशी तक्रार असेल तर डॅशबोर्डवर ‘ओ-डी ऑफ’ असा दिवा पेटलाय का बघा. हँडलवरचं बारीक बटण चुकून दाबलं जातं. पुन्हा दाबा, पैसा खर्च नाही. पण तो दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी एकाच गिअरला अडकून बसली असेल, तर गाडीतल्या कॉम्प्युटरने बिघाड ओळखून स्वतःला सांभाळून घेतलेलं असतं. अशा वेळी आधी स्कॅनर लावायला सांगा आणि त्यातला कोड कागदावर लिहून घ्या. कमजोर बॅटरी, उंदराने कुरतडलेली वायर, कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी, यांनीही असं होतं.

चारही चाकांवर टाकलेली गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर वळवली की अडखळते, धक्के देते, त्यालाही लोक बॉक्सचा आजार म्हणतात. पुष्कळशा जुन्या गाड्यांत पुढची-मागची चाकं तेव्हा एकमेकांना जखडलेली असतात, त्याचा तो ताण. दांडा दोन चाकांवर आणा, गाडी थोडी सरळ मागे घ्या, सुटते. निघताना ‘खट्’ असा आवाज येत असेल तर आधी खालच्या लांब शाफ्टचा क्रॉस हलवून बघायला सांगा. क्रॉस बदलणं आणि बॉक्स उघडणं यांच्या बिलात फार अंतर आहे.

मेकॅनिकला लक्षणं नीट सांगता आली पाहिजेत. सकाळी थंड असताना गिअर उशिरा पकडतो आणि गरम झाल्यावर ठीक चालते, तर बहुधा आतली रबरी सीलं कडक झालीत. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर घसरते, तर आत झीज झाली असण्याची शक्यता मोठी. मागं नीट जाते पण पुढं ओढत नाही, आणि हँडलची केबल ठीक आहे, तेल करपलेलं आहे, तर मात्र बॉक्स उघडावाच लागेल. तिथं कुणाला दोष देऊ नका.

अशा वेळी खर्च करायचा की गाडी विकायची, हे गटाच्या बैठकीत ठरवा, ड्रायव्हरवर सोडू नका. पार्ट कुठून येणार, किती दिवसांत, कामाची हमी किती महिन्यांची, हे लिहून मागा. काढलेले जुने पार्ट परत द्यायला आधीच सांगा. तेलाच्या चेंबरमधलं लोहचुंबकही बघायला मागा. त्यावर बारीक राखाडी गाळ असणं चालतं, चमकणारे लोखंडाचे तुकडे असतील तर ते दुखणं खरं.

नवी घेणार असाल तर गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर इंजिन गार होईपर्यंत चहा घ्या. मग सपाट जागी ब्रेक दाबून ‘आर’ टाका. क्षण-दोन क्षणांत हलका धक्का जाणवला पाहिजे. तीन-चार आकडे मोजूनही गाडी पकडत नसेल, तर तेवढी किंमत कमी करा किंवा सरळ परत या. त्यानंतर चढावर अर्धा तास चालवा आणि थांबून पुन्हा तेच बघा.

आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर दोर बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना आत तेल फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात. चारही चाकं वर उचलून नेणारी गाडी बोलवा, तिचं भाडं परवडतं.