‘घडी नवी करून द्या’ म्हणू नका: जुनं घड्याळ घेऊन घड्याळजींकडे जाताना

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे.)

बाबांचं किंवा आजोबांचं चावीचं घड्याळ कपाटात सापडलं, आता ते कुणाला दाखवायचं आणि काय विचारायचं? हा प्रश्न मला बरेचदा येतो. ‘कुणाला’ याचं उत्तर प्रत्येक गावात वेगळं. ‘काय आणि कसं विचारायचं’ यावर मात्र मी बोलू शकतो. कारण यात मी दोन चुका केल्यात, आणि त्यातली एक आता दुरुस्त होणार नाही.

पहिली चूक सांगतो. बाबांकडे एचएमटीचं जनता होतं. डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं. रोज सकाळी आंघोळ झाली की ते चावी द्यायचे, मग मनगटावर बांधायचे. ते गेल्यावर वर्षभराने मी ते घड्याळ एका दुकानात नेलं आणि काउंटरवर सांगितलं, "घडी एकदम नवी करून द्या." आमच्या नागपुरात घड्याळाला बरेच जण घडीच म्हणतात.

आठ दिवसांनी घड्याळ मिळालं. चालत होतं, चकाकत होतं. पण डायल पांढरीशुभ्र! जुना थर खरवडून, रंग मारून वर नवी छपाई केलेली. ‘जनता’ची अक्षरं जाड, थोडी तिरकी. इतक्या वर्षांत चहाच्या रंगाची झालेली बाबांची डायल गेली ती गेलीच. मी तणतणत विचारायला गेलो, तर दुकानदार शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्हीच नवी करून मागितली होती न?"

काय बोलणार? मी तेच मागितलं होतं.

पार्ट येतात कुठून

आता हे समजून घ्या. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे जनता, पायलट, सोना, कांचन अशी नावं घराघरांत गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आज अस्सल जुनी डायल हवी असेल तर ती कुणाच्या तरी जपून ठेवलेल्या डब्यातून नाही तर दुसऱ्या बंद घड्याळातूनच येणार. कारखान्यातून नाही. म्हणून घड्याळजी "पार्ट मिळाला तर पाहू" म्हणतात, तेव्हा ते टाळत नसतात. खरंच तसंच असतं.

दुसरी चूक

डायल गेल्यावर मी महालातल्या एका वयस्कर घड्याळजींचा नंबर मिळवला. रात्री अकरा वाजता त्यांना चौदा फोटो पाठवले. खाली एक ओळ: ‘याचे किती मिळतील आणि ओरिजिनल डायल आहे का?’ नमस्कार नाही, नाव नाही. तीन दिवस उत्तर नाही. मग मी थेट दुकानात गेलो.

दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा आणि समोर एक स्टूल. काकाजी डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने काहीतरी बसवत होते. मी टेबलावर हात टेकून म्हणालो, "काकाजी, एक मिनिट, मी फोटो पाठवले होते." टेबल हललं. चिमटा सरकला.

ते बॅलन्स बसवत होते. बॅलन्स म्हणजे घड्याळात मागेपुढे फिरणारं चाक, आणि त्याला केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते. ती वाकली. घड्याळ माझं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं. काकाजींनी ते काचेच्या झाकणाखाली ठेवलं, भिंग काढलं आणि म्हणाले, "बसा." मी पैसे देऊ केले. म्हणाले, "पैशाचं नाही हो. त्याला मी उद्याचं सांगितलं होतं. आता त्याला काय सांगू?"

त्या स्टुलावर मी तासभर गप्प बसलो होतो. पुढे जे सांगतोय, त्यातलं बरंचसं त्या तासात आणि नंतरच्या भेटींत शिकलो.

मग कसं विचारायचं?

आधी वेळ. सकाळी दुकान उघडताच बोहनीच्या वेळेला घासाघीस घेऊन जाऊ नका. मे महिन्यातल्या दुपारी तर जाऊच नका, आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. फोन करायचा असेल तर आधी दोन ओळींचा मेसेज टाका, ‘कधी फोन करू?’ दुकानात गेलात आणि डोळ्याला भिंग दिसलं, तर उभे राहा. ते भिंग काढतील तेव्हा बोला. टेबलाला हात लावू नका, हे तर मी सांगायलाच नको.

दुसरं, फोटो तीनच. समोरून, मागून आणि चावीच्या बाजूने. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. मागच्या झाकणावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. मशीनचा फोटो हवा म्हणून स्वयंपाकघरातली सुरी घेऊन झाकण उघडू नका. एक निसटता ओरखडा आणि काम दुप्पट होतं.

तिसरं, लक्षण सांगा, निदान सांगू नका. डॉक्टरकडे गेल्यावर "पोट दुखतंय" म्हणतो न आपण? तसंच. ‘स्प्रिंग गेली आहे’ असं आपण ठरवायचं नाही. चावी फिरते का, अडते का, की फिरतच राहते? हलवलं की चालतं आणि ठेवलं की थांबतं, असं होतं का? पडलं होतं का, पाण्यात गेलं होतं का? मागे-पुढे जात असेल तर मोबाइलच्या वेळेशी लावा, चोवीस तासांनी पाहा आणि मिनिटं सांगा. एकाएकी खूप पुढे धावायला लागलं असेल तर तेही सांगा. स्पीकर किंवा चुंबकाजवळ ठेवल्याने हेअरस्प्रिंगचे वेढे चिकटतात आणि तसं होऊ शकतं.

आणि अपेक्षा माफक ठेवा. जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. जुनं घड्याळ दिवसाला अर्धा-एक मिनिट मागेपुढे झालं म्हणून घड्याळजींना रोज मेसेज करायचा नसतो.

चौथं, किंमत. ‘याचे किती मिळतील?’ हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याला विचारू नका. ते त्यांचं काम नाही. विचारायचं असेल तर ‘पाहण्याचे किती घ्याल?’ विचारा. उघडून, पाहून, दोष शोधण्यात त्यांचा अर्धा तास जातो, आणि तो फुकट नसतो. नेटवर अमुक किमतीला मिळतं, हेही ऐकवू नका.

पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. काय करायचं आणि काय नाही करायचं, हे कागदावर लिहून द्या. मी आता असं लिहितो:

‘नमस्कार काकाजी. आजोबांचं चावीचं घड्याळ आहे. चावी फिरते, पण पाच मिनिटांत बंद पडतं. शेवटचं ऑइलिंग कधी झालं ते माहीत नाही. फक्त चालू करायचं आहे. डायल, काटे, केस यांना पॉलिश किंवा रंग नको. पार्ट बदलावा लागला तर आधी सांगा, जुना पार्ट परत द्या. घाई नाही.’

बस, एवढंच. यातलं शेवटचं वाक्य मनापासून लिहायचं बरं का, आणि मग खरंच घाई करायची नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. फार जुन्या घड्याळांत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा लेप असू शकतो. तो अंधारात चमकत नाही म्हणजे संपला, असं नसतं. चमकणारा पदार्थ मरतो, रेडियम मात्र राहतं. त्याचं अर्धं आयुष्य साधारण १,६०० वर्षांचं आहे. घरी खरवडू नका, आणि घड्याळजींना देतानाच तसं सांगा. त्यांचं नाक त्या डायलपासून चार बोटांवर असतं.

आणि ते ‘नाही’ म्हणाले तर ‘का’ म्हणून वाद घालू नका. नजर, हात, पार्ट, वेळ, यातलं काहीतरी कमी असतं. ‘दुसरं कुणी सुचवाल का?’ एवढं विचारा.

बाबांचं जनता आता चालतं. काकाजींनीच साफ करून, तेल देऊन दिलं. डायलबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "दिसली तं ठेवतो तुमच्यासाठी. पण तुम्ही विचारून नका राहू." दोन वर्षं झाली. मी दिवाळीला फराळ घेऊन जातो, अर्धा तास बसतो, डायलचा विषय काढत नाही. रोज सकाळी ती तिरकी ‘जनता’ बघत चावी देतो.

तुमच्या कपाटातलं घड्याळ अजून कुणाच्या हातात गेलं नसेल, तर नेण्याआधी त्याच्या डायलचा एक फोटो काढून ठेवा. मी तेवढंही केलं नव्हतं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.